प्रोजेक्टच्या कंपनीत परचेस मॅनेजरचं काम नेमकं काय असतं?

अंबडचा_पाहुणा | सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

मी अकरा वर्षं नाशिकच्या सातपूरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात परचेसला होतो. तिथलं काम हाताला बसलं होतं. दर महिन्याला तीच बेअरिंग, तेच बोल्ट, ठरलेले पाच-सहा पुरवठादार, वर्षातून एकदा रेट काँट्रॅक्ट. शेड्यूल टाकलं की माल येतो. मार्चमध्ये दोन टक्के कमी करून दाखवले की शाबासकी.

पाच महिन्यांपूर्वी अंबडमधल्या एका कंपनीत परचेस मॅनेजर म्हणून लागलो. ही मंडळी सांडपाणी प्रक्रियेचे प्लांट टर्नकी (डिझाइनपासून चालू करून देण्यापर्यंत) घेतात, अधूनमधून एखादी डेअरी, एखादी वायनरी. इथे प्रत्येक काम वेगळं. आज घेतलेला पंप पुन्हा दोन वर्षं लागेल की नाही सांगता येत नाही. मला काय, खरेदी ती खरेदी, असं वाटलं होतं.

दुसऱ्याच महिन्यात दणका बसला. एका साइटला चार ट्रान्सफर पंप हवे होते. टेंडरच्या वेळी ज्या कंपनीचं कोटेशन धरलं होतं ते सोडून, क्लायंटच्या मंजूर यादीतल्याच दुसऱ्या मेकचे पंप मी घासाघीस करून घेतले. नगामागे ३८ हजार कमी, म्हणजे एकूण १ लाख ५२ हजार वाचले. सर खूश. पंप साइटवर गेले आणि कळलं की सिव्हिलवाल्यांनी आधीच्या मेकच्या ड्रॉइंगवरून फाउंडेशन ओतून ठेवलंय. बोल्ट जुळेनात, बेसफ्रेम लांब. फोडाफोडी, नवीन बेसफ्रेम, पुन्हा ग्राउटिंग, तीन आठवडे गेले. आता सर विचारतात, "सेव्हिंग ठीक आहे हो, पण साइट का थांबली?" आणि महिन्याच्या मीटिंगला पहिला प्रश्न पुन्हा तोच, "या महिन्यात सेव्हिंग किती?"

तर जाणत्यांना विचारतो. या धंद्यात परचेस मॅनेजरने रेट पाडायचा की साइट चालू ठेवायची? दोन्ही, असं उत्तर देऊ नका, तेवढं मलाही कळतं :)


गोदाकाठचा_निवृत्त | सोमवार, रात्री ११:०५

अठ्ठावीस वर्षं प्रोजेक्ट परचेसमध्ये काढली, तीन वर्षांपूर्वी सुटलो. तुमची पंपांची गोष्ट वाचून हसलो, कारण माझी कॉम्प्रेसरची होती. आकडा मोठा होता, सांगत नाही.

एक गोष्ट डोक्यात बसवून घ्या. प्रॉडक्शनमध्ये पीओ (परचेस ऑर्डर) म्हणजे मालाची ऑर्डर. प्रोजेक्टमध्ये पीओ म्हणजे आधी ड्रॉइंगची ऑर्डर, माल त्यानंतर. पंपवाल्याचं जीए ड्रॉइंग (मापं आणि मांडणी दाखवणारं) आल्याशिवाय सिव्हिलला फाउंडेशन ओतता येत नाही. मोटरचा लोड नक्की झाल्याशिवाय पॅनलवाल्याला फीडर ठरवता येत नाही, केबलचा साइज काढता येत नाही. फ्लँजचं ड्रिलिंग कळल्याशिवाय पाइपिंगवाला अडतो. तुम्ही एक पीओ आठवडाभर दाबून ठेवलात, दोन टक्क्यांसाठी, तर त्या आठवड्यात तुमच्याच ऑफिसमधली चार माणसं हात बांधून बसतात. ते कोणाच्याच कम्पॅरेटिव्ह स्टेटमेंटमध्ये (कोटेशनच्या तुलनेच्या तक्त्यात) दिसत नाही.

म्हणून रेट पाडायचाच असेल तर ड्रॉइंग सिव्हिलला जायच्या आत पाडा. ड्रॉइंग 'फॉर कन्स्ट्रक्शन' झालं की त्या मेकशी तुमचं लग्न लागलं. नंतर शेजारची कितीही स्वस्त दिसली तरी उपयोग नाही. (बायको हा धागा वाचत नाही.)

दुसरं, उलटं मोजायला शिका. कमिशनिंगची (प्लांट चालू करून द्यायची) तारीख पकडून मागे या. ट्रायलला किती दिवस, इरेक्शनला किती, वाहतूक, इन्स्पेक्शन, बनवायला लागणारा वेळ, ड्रॉइंग मंजुरी. क्लायंटचा कन्सल्टंट ड्रॉइंगवर लाल पेनाने 'रिव्हाइज अँड रिसबमिट' एकदा तरी मारतोच, ती फेरीही धरा. असं मागे येत गेलात की बऱ्याच मालाच्या पीओची तारीख काम हातात आलं त्याच महिन्यात येते. सांडपाण्याच्या कामात ट्रान्सफॉर्मर, मोठे ब्लोअर, डिकँटर सेंट्रिफ्यूज, एचटी पॅनल हे सगळे आधी. दरवाजे, हँडरेल, रंग यांची कोणाला घाई नसते. पण इंडेंट (खरेदीच्या मागण्या) आधी त्यांचेच येतात, कारण ते लिहायला सोपे.


साइटवरचा_बाबू | मंगळवार, सकाळी ७:२०

चहा पिता पिता वाचतोय. पाच मिनिटांत कामगार येतील, थोडक्यात लिहितो.

माल उशिरा आला तर आम्ही शिव्या घालतो हे सगळ्यांना माहीत आहे. लवकर आला तर त्याहून जास्त घालतो, ते परचेसवाल्यांना पटत नाही. मागच्या पावसाळ्यात त्र्यंबककडच्या साइटवर जूनच्या शेवटच्या आठवड्यात पॅनल येऊन पडले. पॅनल रूमला छप्पर नाही. विचारलं तर उत्तर, "महिनाअखेर होती, बिलिंग करायचं होतं." तिकडचा पाऊस म्हणजे काय ते नाशिककरांना सांगायला नको. ताडपत्रीवर ताडपत्री, तरी आत पाणी. हीटर लावायचे तर टेम्पररी लाइन नाही. मोटरींचा मेगर (इन्सुलेशनची चाचणी) घेतला तर काटा खाली. पुन्हा सगळ्या वाळवा.

आणि वॉरंटी! बहुतेक पीओमध्ये लिहिलेलं असतं, डिस्पॅचपासून १८ महिने किंवा कमिशनिंगपासून १२ महिने, जे आधी संपेल ते. माल सहा महिने पडून राहिला तोवर ठीक. प्रोजेक्ट वर्षभर लांबला की प्लांट सुरू होतो तेव्हा वॉरंटी जेमतेम सहा महिने उरलेली असते. क्लायंटला मात्र आपण सुरू झाल्यापासून पूर्ण वर्षाची दिलेली असते. मधला खर्च कोणाच्या खिशातून? विचारा तुमच्या सरांना.

चला, मुकादम आला.


दमडी | मंगळवार, सकाळी १०:४८

मी जरा वेगळं बोलतो. मी मालक आहे, छोटा, पण आहे. सगळे परचेसवाले जमले की 'रेट महत्त्वाचा नाही' असा सूर लागतो. माझ्या कामात शंभरातले साठ रुपये खरेदीत जातात. दहा कोटींचं काम म्हणजे सहा कोटींची खरेदी. त्यात दोन टक्के वाचले तर १२ लाख, ते थेट नफ्यात. टेंडर एल-वनला (सगळ्यात कमी रेटवाल्याला) मिळतं, तिथे आधीच हाडापर्यंत रेट कापलेला असतो. परचेसने वाचवलं नाही तर घरून पैसे घालायचे का? सेव्हिंग विचारणारा मालक मूर्ख नसतो.


केतकी_टी | मंगळवार, दुपारी १२:१५

@दमडी, तुमचेच आकडे घेते. दहा कोटींच्या कामाला एलडी (उशिराचा दंड) साधारण आठवड्याला अर्धा टक्का, कमाल पाच किंवा दहा टक्के. अर्धा टक्का म्हणजे आठवड्याला ५ लाख. धागाकर्त्यांसारखे तीन आठवडे गेले, आणि ते शेवटच्या तारखेला भोवले, तर १५ लाख. तुमचे त्या कामात वाचवलेले १२ लाख खलास, वर तीन लाख अंगावर. शिवाय साइटवरची क्रेन, राहायच्या खोल्या, तीन आठवड्यांचे पगार. रेट महत्त्वाचा आहेच, पण सेव्हिंगचा कॉलम आणि उशिराचा कॉलम एकाच शीटवर असला पाहिजे. आपल्याकडे पहिला परचेसच्या शीटवर असतो आणि दुसरा प्रोजेक्ट मॅनेजरच्या. त्यामुळे पहिला टाळ्या घेतो, दुसरा शिव्या खातो.

मी एस्टिमेशनला आहे, म्हणजे टेंडर भरणाऱ्या टोळीतली. एक कबुली देते. टेंडर भरताना आम्ही परचेसला विचारत नाही. वेळ नसतो म्हणतो. खरं म्हणजे विचारलं की ते रेट वाढवून सांगतील याची भीती असते. मग मागच्या वर्षीचं कोटेशन काढायचं, त्यावर पाच टक्के टाकायचे आणि भरायचं. काम मिळालं की फाइल परचेसच्या टेबलावर आपटायची, "या बजेटमध्ये बसव." कोटेशनची मुदत तीस दिवसांची होती आणि टेंडर उघडायलाच तीन महिने लागले, हे कोण बघतं!

आमचा एक किस्सा. २०२२ च्या सुरुवातीला दिंडोरी भागातल्या एका वायनरीच्या टाक्यांचं काम. ३०४ ग्रेडचं स्टेनलेस, त्यात साधारण आठ टक्के निकेल असतं. ८ मार्चला लंडन मेटल एक्स्चेंजवर निकेल टनाला १ लाख डॉलरच्या वर गेलं, एक्स्चेंजने व्यवहारच थांबवले आणि त्या दिवशीचे सौदे रद्द केले. इकडे मुंबईचा शीटवाला फोनच उचलेना. उचलला तर म्हणे, "मॅडम, रेट संध्याकाळपर्यंतच." आमचा करार फिक्स्ड प्राइस. पीव्ही क्लॉज (भाव बदलले तर किंमत बदलायची अट) मागायला हवा होता हे आमच्या परचेसच्या साहेबांनी टेंडरच्या आधीच सांगितलं असतं, त्यांना बोलावलं असतं तर.

तेव्हा @अंबडचा_पाहुणा, तुमचं काम पीओपासून सुरू होत नाही, टेंडरपासून होतं. त्या खोलीत खुर्ची मागा. दिली नाही तर स्वतःची घेऊन जा.


दमडी | मंगळवार, दुपारी १२:५०

एलडीचं मान्य. खुर्चीचंही मान्य. पण महिन्याला सेव्हिंग विचारणं मी थांबवणार नाही :)


वेल्डिंगवाला | मंगळवार, रात्री ९:३०

आता दिवसभराचं काम आटोपलं. आमच्यासारख्यांचीही बाजू ऐका. माझं अंबडला छोटं फॅब्रिकेशन शॉप आहे, बारा माणसं. टाक्या, स्किड, स्ट्रक्चर. तुमच्यासारख्या प्रोजेक्ट कंपन्यांचंच काम करतो.

परचेसचा फोन कधी येतो? गुरुवारी दुपारी चारला. "दादा, सोमवारी टाकी हवी." ड्रॉइंग रिव्हिजन झिरो. मी प्लेट कापतो. शनिवारी रिव्हिजन वन येतं, नोझल फिरवलेलं. मी भोक बुजवतो, दुसरं पाडतो. मंगळवारी माणूस येऊन म्हणतो, "लेट झाला, एलडी लागेल." रिव्हिजनचा खर्च मागितला तर, "पुढच्या कामात बघू." हे पुढचं काम मी गेली नऊ वर्षं बघतोय.

आणि पैसे. पीओवर तीस दिवस, हातात येतात चार महिन्यांनी. कारण विचारलं की "क्लायंटकडून आले नाहीत." क्लायंट तुमचा, माझा नाही. एका कंपनीने तर माझं बिल साइटच्या कुठल्याशा टेस्टिंगला बांधून ठेवलं. माझी टाकी पाणी भरून टेस्ट होऊन दोन महिने झाले होते, अडली होती त्यांचीच इन्स्ट्रुमेंटेशन.

परचेस मॅनेजर चांगला कोणता? जो ड्रॉइंग फायनल असेल तरच ऑर्डर देतो, नसेल तर "हे नोझल बदलू शकतं, इथे कापू नको" असं सांगतो. आणि जो पैशाच्या दिवशी फोन उचलतो. असे दोन जण मला भेटलेत. त्यांच्यासाठी मी दिवाळीतही शॉप उघडलंय. कमी रेटनेही काम केलंय, खरं सांगतो.


जमाखर्च | बुधवार, सकाळी ९:१०

@वेल्डिंगवाला, तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) असेलच. नसेल तर आज करा, आणि बिलावर नंबर छापा.

कायदा तुमच्या बाजूने आहे. एमएसएमईडी कायदा २००६ चा. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर कबूल केलेल्या तारखेला, पण कमाल ४५ दिवसांत. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, दर महिन्याला चक्रवाढ. हे बरेच जण वर्षानुवर्षं हसण्यावारी नेत होते. मग आयकरात ४३बी-एच आलं, २०२४-२५ या कर निर्धारण वर्षापासून. मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजावटीला मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे द्याल त्या वर्षी मिळतो. त्या मार्चपासून मालकांना उद्यम नंबर पाठ झाले.

धागाकर्त्यांसाठी मुद्दा असा. हे सूक्ष्म आणि लघुला लागू आहे, मध्यमला नाही. १ एप्रिल २०२५ पासून लघुची उलाढालीची मर्यादा ५० वरून १०० कोटी झाली. म्हणजे तुमच्या यादीतले काही पुरवठादार जे काल 'मध्यम' होते ते आज 'लघु' असू शकतात. पीओवर नव्वद दिवस लिहून तुम्ही पैसे वाचवत नाही, अकाउंट्सच्या डोक्यावर कर चढवता. पेमेंटच्या अटी परचेस लिहितो, म्हणून सांगतोय.

आणि जीएसटी. पुरवठादाराने त्याचं रिटर्न भरून तुमचं बिल दाखवलं नाही, ते तुमच्या टू-बीमध्ये (जीएसटी पोर्टलवरच्या क्रेडिटच्या तक्त्यात) आलं नाही, तर इनपुट क्रेडिट घेता येत नाही. १८ टक्के अडकतात. दोन टक्के स्वस्त दिला म्हणून रिटर्न न भरणाऱ्याकडून माल घेणारे महाभाग मी पाहिलेत.


ओझरकर | बुधवार, दुपारी ३:४०

ओझरला विमानांच्या कामात हयात गेली, तिथे एकेका बोल्टचा जन्मदाखला लागतो. तुमच्या धंद्यात तितकं नसेल, पण एक सवय तिथली घ्या. माल आला, टीसी (टेस्ट सर्टिफिकेट) आलं नाही, म्हणजे माल आला नाही.

प्लेटवर हीट नंबर (भट्टीतल्या खेपेचा नंबर) असतो, मिलच्या सर्टिफिकेटवरही असतो, दोन्ही जुळले पाहिजेत. पीओतच लिहा, ईएन १०२०४ प्रमाणे ३.१ चं सर्टिफिकेट हवं की थर्ड पार्टीच्या सहीचं ३.२. नुसतं 'विथ टीसी' लिहिलं की व्यापारी कसलाही झेरॉक्स जोडतो. आणि प्लेट कापण्याआधी हीट नंबर तुकड्यातुकड्यावर पंच करून घ्या, नाहीतर कापल्यावर सगळे तुकडे अनाथ.

बाकी चर्चा छान. टेंडरबिंडर आमच्या वाट्याला नव्हतं.


केतकी_टी | बुधवार, दुपारी ४:०२

'कापल्यावर सगळे तुकडे अनाथ' +१

आमच्याकडे क्लायंटचं सप्लायचं बिलही एमटीसी (मिलचं टीसी) आणि इन्स्पेक्शन रिपोर्ट जोडल्याशिवाय पास होत नाही. म्हणजे टीसीचा एक कागद नसला की माल साइटवर, पैसे मात्र क्लायंटकडे.


द्राक्षबाग | बुधवार, रात्री ८:२५

मी या धंद्यातला नाही, निफाड तालुक्यातला शेतकरी. भाऊ एमआयडीसीत आहे, त्याने धागा पाठवला. वाचून वाटलं, हे तर आमचंच.

बागेत एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी. गोडी छाटणीपासून माल तयार व्हायला साधारण चार महिने. कोणत्या आठवड्यात माल काढायचा हे धरून छाटणीची तारीख ठरते. जीएच्या (जिबरेलिक ॲसिडच्या) डिपिंगच्या, म्हणजे घड बुडवायच्या दिवशी मजूर आलेच पाहिजेत, उद्या म्हणून चालत नाही. डिपिंगच्या आदल्या दिवशी औषध दुकानात स्वस्त मिळतंय का बघत बसलो तर बाग गेली. पेट्या, पॅड, पेपर हे सगळं आधी बुक. एक्सपोर्टचा माल असेल तर रेसिड्यू टेस्टिंगचा रिपोर्टही आधी लागतो, नुसती गोड द्राक्षं चालत नाहीत. ते ओझरकर काका सांगतात ते टीसी तेच ना?

वायनरीवाल्यांची गाडी जानेवारी-फेब्रुवारीत येते. तुमची टाकी तयार नसेल तर द्राक्ष थांबत नाही, हे ध्यानात असू द्या. एलडी नंतर, आधी माझा माल सडतो.


गोदाकाठचा_निवृत्त | बुधवार, रात्री ९:१५

@द्राक्षबाग, एका परिच्छेदात तुम्ही माझी अठ्ठावीस वर्षं सांगितलीत. हो, टीसी तेच.

आता पाठपुराव्याबद्दल. परचेस मॅनेजरचा निम्मा दिवस यातच जातो, आणि बहुतेक जण तो चुकीचा करतात. फोन करून "माल तयार आहे का?" विचारतात. पुरवठादार म्हणतो "तयार आहे, फक्त पेंटिंग बाकी." हे वाक्य मी ऐकलंय तेव्हा प्लेट अजून मिलमधून निघालेली नव्हती.

असं विचारायचं नाही. त्याच्याकडे टप्प्यांचा कागद मागायचा. ड्रॉइंग कधी पाठवलं, मंजूर कधी झालं, कच्चा माल आला का, असेल तर हीट नंबर काय. मोटर आणि गिअरबॉक्स तो दुसऱ्याकडून घेतो, त्यांच्या ऑर्डरची प्रत मागायची, रेट झाकून दिली तरी चालेल. पंपवाल्याने मोटरची ऑर्डरच दिली नसेल तर पंप 'पेंटिंग बाकी' असूच शकत नाही. २०२१-२२ मध्ये चिप्सचा तुटवडा होता, ड्राइव्ह आणि पीएलसी महिनोन्‌महिने मिळत नव्हते. तेव्हा ज्यांनी पॅनलवाल्याला "ड्राइव्हची ऑर्डर दाखव" म्हटलं ते वाचले. ज्यांनी पॅनलवाल्याच्या शब्दावर विश्वास ठेवला त्यांच्याकडे सुंदर रंगवलेले रिकामे पॅनल आले. आणि आठवड्यातून एक दिवस शॉपवर स्वतः जा. अंबडमधून अंबडमध्ये जायला दहा मिनिटं लागतात, पण आमचे लोक व्हॉट्सॲपवर फोटो मागवतात. फोटो कुठल्याही टाकीचा काढता येतो.


साइटवरचा_बाबू | गुरुवार, सकाळी ७:०५

वाहतुकीवर कोणीच बोललं नाही, म्हणून भर घालतो.

चार मीटर व्यासाची टाकी शॉपमध्ये बनवायची की साइटवर, हे परचेसने ऑर्डरच्या आधी ठरवायचं असतं. ट्रकबाहेर जाणारा माल म्हणजे ओडीसी. साध्या मालाला ई-वे बिल २०० किलोमीटरला एक दिवस मिळतं, ओडीसीला २० किलोमीटरला एक दिवस. आमची एक टाकी कसारा घाटाच्या अलीकडे दोन दिवस उभी राहिली, त्यात बिलाची मुदत संपली. मुदत संपायच्या आठ तास आधीपासून नंतरच्या आठ तासांपर्यंत वाढवता येते, पण ड्रायव्हर झोपला होता आणि ऑफिसला सुट्टी होती. पुढे गाडी अडवली, दंडाचा आकडा विचारू नका. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला, त्यामुळे आता मुंबई बाजूने येणारा माल जरा सुखाने येतो. द्वारका चौकाला मात्र अजूनही देवाचं नाव घ्यायचं.


केतकी_टी | गुरुवार, दुपारी १:३०

द्वारका :))

आणि सिंहस्थ विसरू नका. २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान. सांडपाणी प्रकल्प, पूल, रस्ते, घाट, सगळ्यांना एकच तारीख आणि ती पुढे ढकलता येत नाही. म्हणजे सगळ्यांना तेच पाइप, त्याच क्रेन, तेच वेल्डर त्याच महिन्यांत लागणार. तेव्हा रेटवर घासाघीस करायला कोणी रिकामा नसेल. आत्ताच आपल्या दोन-तीन फॅब्रिकेटरांची शॉप बुक करून ठेवा.


वेल्डिंगवाला | गुरुवार, दुपारी २:१०

बुक करायला ॲडव्हान्स लागतो, ताई :)


अंबडचा_पाहुणा | रविवार, सकाळी ११:००

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. इतके दिवस गप्प होतो, कारण शनिवारच्या मीटिंगची तयारी करत होतो.

हातातल्या तीन कामांची एक शीट बनवली. प्रत्येक वस्तूपुढे कमिशनिंगपासून मागे येत पाच तारखा: साइटला कधी हवी, डिस्पॅच, ड्रॉइंग मंजुरी, ड्रॉइंग हातात, आणि पीओ. मग 'आज' असं लिहून रेघ मारली. चौदा वस्तूंची पीओची तारीख रेघेच्या मागे निघाली. त्यातला एक ट्रान्सफॉर्मर. त्याची तीन कोटेशन महिनाभर माझ्याच ड्रॉवरमध्ये होती, मी दीड टक्क्यासाठी चौथ्याची वाट बघत होतो. ते सरांसमोर स्वतः सांगितलं. बरं वाटलं नाही.

शेजारी @केतकी_टी म्हणाल्या तसे दोन कॉलम, वाचवलेले आणि उशिराने गेलेले. पंपांच्या ओळीत वाचले १ लाख ५२ हजार, गेले ४ लाख १० हजार. हा आकडा साइटच्या वहीतून काढला: फोडाफोडी, बेसफ्रेम, क्रेनचं भाडं, माणसं. एलडी त्यात नाही, ती लागणार की नाही ते डिसेंबरमध्ये कळेल.

सर बराच वेळ त्या ओळीकडे बघत होते. मग म्हणाले, "सेव्हिंग विचारायचं मी बंद करणार नाही." (@दमडी, तुम्ही आमचे सर तर नाही ना?) "पण आता दोन्ही कॉलम विचारीन." ट्रान्सफॉर्मरची पीओ तिथेच सही झाली. एस्टिमेशनच्या पुढच्या टेंडर मीटिंगला बोलावलंय. खुर्ची आहे का ते जाऊन बघतो.


दमडी | रविवार, सकाळी ११:२०

मी तुमचा सर नाही. असतो तर चौदा वस्तूंबद्दल अजून बोललो असतो.


गोदाकाठचा_निवृत्त | रविवार, दुपारी १२:०५

ड्रॉवरचं सांगितलंत, तिथेच निम्मं काम झालं. शीट दर सोमवारी नव्याने काढा, जुनीत खाडाखोड करू नका. जुन्या शीट ठेवून द्या. कोणती तारीख किती वेळा सरकली ते वर्षाने बघाल, तेव्हा कोणता पुरवठादार कसा आहे ते कळेल.


वेल्डिंगवाला | रविवार, संध्याकाळी ६:४५

शीट चांगली आहे साहेब. एक कॉलम राहिला. पुरवठादाराचे पैसे कोणत्या तारखेला.


अंबडचा_पाहुणा | रविवार, संध्याकाळी ७:१०

टाकला. आठवा, तांबड्या रंगात. सात नावं आत्ताच रेघेच्या मागे आहेत, उद्या सकाळी आधी अकाउंट्सकडे जातो.